कुंडीतल्या झाडाला नेमकं झालंय काय? औषधाची बाटली उघडण्याआधी हे बघा

"कुठलं औषध मारू?" सोसायटीच्या गार्डनिंग ग्रुपवर सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, सोबत एक हललेला फोटो, त्यात जास्वंदीचं एक वाकडं पान, आणि खाली धडाधड सल्ले सुरू होतात, ताक घाला, हिंगाचं पाणी मारा, हळद टाका, कुणी नीम ऑइल सांगतं, कुणाच्या गावाकडचे काका शेतातल्या औषधाचं नाव पाठवतात. झाडाला झालंय काय हे मात्र कुणी विचारत नाही. आणि ते कळल्याशिवाय औषध मारणं म्हणजे पैसे आणि झाड दोन्ही घालवणं.

कारण असं आहे की झाडाला त्रास देणाऱ्या गोष्टी चार-पाच वेगवेगळ्या जातीच्या असतात आणि एकीचं औषध दुसरीला चालत नाही. मावा, पिठ्या ढेकूण म्हणजे आपला मिलीबग, पांढरी माशी, फुलकिडे हे कीटक. लाल कोळी हा कीटक नाहीच, त्याला आठ पाय असतात, तो कोळ्यांच्या घराण्यातला, त्यामुळे नेहमीच्या बऱ्याच कीटकनाशकांना तो दाद देत नाही. उलट होतं काय, औषधाने त्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि पंधरा दिवसांत कोळी आधीपेक्षा जास्त होतो, मग लोक म्हणतात औषध डुप्लिकेट होतं! बुरशीला बुरशीनाशक लागतं, ते किड्याला काहीच करत नाही. व्हायरसला औषधच नाही. आणि उरलेल्या अर्ध्या अधिक केसेसमध्ये यातलं काहीच नसतं, पाणी जास्त झालेलं असतं, ऊन कमी पडत असतं, नाहीतर कुंडीच्या तळाचं भोक बुजलेलं असतं.

म्हणून पहिलं काम, पान उलटं करा. खरंच, एवढंच. बहुतेक कीड पानाच्या खालच्या बाजूला असते आणि आपण वरून बघत बसतो. मोबाईलचा टॉर्च लावा, कॅमेरा झूम करून खालच्या बाजूचा फोटो घ्या, डोळ्याला जे दिसत नाही ते फोटोत दिसतं. कोळ्याचा संशय असेल तर पानाखाली पांढरा कागद धरून फांदीवर दोन टिचक्या मारा, कागदावर पडलेले ठिपके चालायला लागले तर कोळी किंवा फुलकिडे, नुसते पडून राहिले तर धूळ. आपल्याकडे ठाण्यात घोडबंदर रोडला मेट्रो आणि टॉवरची कामं चालू आहेत, तिथल्या बाल्कन्यांत धूळ भरपूर, आणि धूळ बसलेल्या कोरड्या पानांवर लाल कोळी फार माजतो, तेव्हा तिकडच्यांनी हा कागद जरूर धरावा.

दुसरं बघायचं, कुठली पानं खराब आहेत. खालची जुनी पानं एकसारखी पिवळी पडत असतील तर नायट्रोजन कमी आहे किंवा पाणी जास्त होतंय. कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर लोह मिळत नाहीये, जास्वंद, मोगरा आणि लिंबाला हे बरेचदा होतं, आणि दरवेळी मातीत लोह कमी असतं असंही नाही, पाणी साचून मुळं दमलेली असली तरी ती लोह उचलू शकत नाहीत. नवीन शेंड्याची पानं वाकडी, आखडलेली असतील तर मग किडा शोधायचा. टोमॅटोचा खालचा भाग काळा पडून बसला तर तो रोग नव्हे, पाणी कधी खूप कधी अजिबात नाही असं झालं की कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही, त्याचा परिणाम.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे कॅलेंडर. हवामान खात्याच्या हिशोबाने मुंबई पट्ट्यात पाऊस ११ जूनच्या सुमाराला येतो आणि ८ ऑक्टोबरच्या आसपास परततो. ठाणे, वाशी, खारघर सगळ्यांना थोड्याफार फरकाने हेच लागू. फेब्रुवारी ते मे किड्यांचे दिवस, जून ते सप्टेंबर बुरशीचे आणि गोगलगायींचे, ऑक्टोबरनंतर कात्रीचे. व्हिडिओ बघून काम करणाऱ्यांनी आधी हे बघावं की तो माणूस कुठे राहतो, उत्तरेतले लोक थंडी संपायची वाट बघून फेब्रुवारीत जास्वंद छाटतात, आपल्याकडे तशी थंडी असते कुठे!

पिठ्या, मुंग्या आणि ती काजळी

उन्हाळा सुरू झाला की पहिली तक्रार जास्वंदीची. कळीच्या देठाशी, पानाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काहीतरी, शेंडा आखडून गोळा झालेला, कळ्या न उमलता गळतायत. हा पिठ्या. अंगावर मेणाचा थर असतो म्हणून साधं औषध वरून घसरून जातं. मादी त्या कापसाच्या पिशवीत शेकड्याने अंडी घालते, अंड्यातून निघालेल्या पिल्लांवर सुरुवातीला मेण नसतं, ती चालत, वाऱ्यावर, मुंग्यांबरोबर नवीन फांदीवर जातात आणि महिन्याभरात त्यांचीही अंडी तयार. यातच उपाय दडलाय, मारायचं ते पिल्लांना, आणि अंडी एकदम फुटत नाहीत म्हणून एकच फवारा मारून काही होत नाही. पाच-सात दिवसांच्या अंतराने निदान तीनदा करायचं. लोक एकदा मारतात, चार दिवस झाड स्वच्छ दिसतं, मग परत सगळं पांढरं होतं आणि "काही उपयोग नाही हो" म्हणून सोडून देतात.

करायचं असं. जे शेंडे पूर्ण आखडलेत ते कापून प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको आणि ग्रिलमधून खाली तर अजिबात नको, खालच्या मजल्यावरही माणसं राहतात आणि त्यांच्याकडेही जास्वंद असते. कुंडी बाथरूममध्ये नेता येत असेल तर मातीवर पिशवी बांधून हेल्थ फॉसेटचा जोरदार फवारा पानाच्या खालून मारा, निम्मी फौज इथेच वाहून जाते, मावा आणि लाल कोळ्यालासुद्धा हाच पहिला उपाय. थोडेच असतील तर कानाच्या काडीला स्पिरिट लावून एकेक टिपा. मग संध्याकाळी साबणाचं किंवा नीम तेलाचं पाणी.

मुंग्यांकडे मात्र लक्ष द्या. पिठ्या आणि मावा रस पितात आणि गोड चिकट पाणी टाकतात, मुंग्या त्यासाठी येतात, आणि मोबदल्यात पिठ्याला खाणाऱ्या किड्यांना हाकलून लावतात. मुंग्यांची ये-जा थांबवली की निम्मं काम बाकीचे किडेच करतात. ग्रिलच्या ज्या दांडीवरून रांग येते तिथे ग्रीसचा पट्टा ओढा, किंवा साखरपाण्यात बोरिक पावडर चिमूटभर घालून मुलांच्या, मांजराच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा. पानावरची काळी काजळी बघून घाबरायचं कारण नाही, त्या गोड पाण्यावर वाढणारी ती बुरशी आहे, पानात शिरत नाही, ओल्या फडक्याने पुसली जाते. तिच्यासाठी बुरशीनाशक आणू नका, वरचा पिठ्या गेला की तीही जाते.

आता एक गंमत. ठाण्याच्या वसंत विहारमधल्या एका काकूंकडे मी गेलो होतो तेव्हा त्या चष्मा लावून, स्पिरिटच्या काडीने एकेक पांढरा किडा टिपत होत्या, आणि त्यातले काही चांगले मोठे, लांब पांढऱ्या झिपऱ्यांचे, तुरुतुरु पळणारे.

"काकू, थांबा थांबा, हे पळणारे मारू नका."

"अरे, तेच तर सगळ्यात माजलेत!"

माजलेले नव्हते, ती पिठ्याला खाणाऱ्या ढालकिड्याची म्हणजे लेडीबगची पिल्लं होती. हा ढालकिडा, क्रिप्टोलीमस त्याचं नाव, मूळ ऑस्ट्रेलियाचा, १८९८ साली भारतात आणला गेला, आणि त्याची अळी दिसायला थेट मोठ्या मिलीबगसारखी. ओळखायची खूण सोपी, पिठ्या तीन-चार मिलिमीटरचा आणि आळशी, हात लावला तरी जेमतेम सरकतो, ही अळी त्याच्या दुप्पट-तिप्पट मोठी आणि झिपऱ्या उडवत चालते. अशा अळ्या दिसल्या तर त्या झाडावर काहीही मारू नका, दोन-तीन आठवडे हात बांधून बसा. मित्रकीटक किती काम करतात याचं मोठं उदाहरण हवं असेल तर पपईचा मिलीबग बघा, २००८ मध्ये तो कोइमतूरकडे सापडला, पपई, तुती, टॅपिओका सगळीकडे पसरला, औषधं मारून आवरेना, शेवटी २०१० मध्ये प्युर्तो रिकोहून छोट्या परजीवी गांधीलमाश्या आणून सोडल्या आणि त्यांनी तो आटोक्यात आणला.

नीम तेल का चालत नाही असं तुम्हाला वाटतं

बहुतेक वेळा ते नीट मिसळलेलंच नसतं. तेल पाण्यात विरघळत नाही, आपण बाटलीत टाकून हलवतो, तेल वर तरंगतं, आधी नुसतं पाणी फवारलं जातं आणि शेवटी निव्वळ तेल, त्याने पानं भाजतात. आधी ५ मिली तेल आणि एक-दोन मिली सौम्य लिक्विड साबण थोड्या कोमट पाण्यात दुधाळ होईपर्यंत घोटा, मग त्यात पाणी घालून १ लिटर करा. त्याच दिवशी संपवा, उरलेलं दुसऱ्या दिवशी बिनकामाचं. फवारा सूर्य उतरल्यावर मारायचा, एकतर ऊन आणि तेल एकत्र आलं की पान जळतं, दुसरं म्हणजे दिवसा मधमाश्या फुलांवर असतात. आणि आधी दोन-तीन पानांवर मारून एक दिवस थांबा. नवीन झाड, तहानलेलं झाड, आजच कुंडी बदललेलं झाड यांना लांब ठेवा.

दुकानात जे तयार नीम औषध मिळतं त्यावर ३००, १५००, १०००० पीपीएम असे आकडे असतात, ते त्यातल्या अझाडिरॅक्टिन या मुख्य घटकाचं प्रमाण. म्हणजे १०००० वाली बाटली १५०० च्या मापाने ओतली तर काय होईल ते सांगायला नको, लेबलवरचं माप बघा. हे औषध किड्याला लगेच आडवं पाडत नाही, त्याचं खाणं आणि कात टाकणं बिघडवतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी किडे जिवंत दिसले म्हणून डबल डोस देऊ नका. साबणाबद्दल एकच, भांड्याचा कडक साबण, कपड्याची पावडर नको. रिठ्याचं पाणी जमत असेल तर उत्तम. आणि साबण ज्या किड्याला लागतो तोच मरतो, वाळल्यावर त्याचं काम संपलं, म्हणून परत तेच, पानाच्या खालून मारा.

मिरची वाकडी झाली

यावर तर वेगळा लेख होईल. "बोकड्या" किंवा "चुरडा-मुरडा" या एकाच नावाखाली आपण तीन वेगळ्या गोष्टी घालतो. पानाच्या कडा वर वळून पान होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे म्हणजे थ्रिप्स. कडा खाली वळून होडी उलटी झाली असेल, देठ लांबलेला असेल, तर कोळी. आणि पानं बारीक, सुरकुतलेली, पिवळसर, झाड खुजं, शेंड्याला पानांचा नुसता झुबका आणि फुलं नाहीत, तर बहुधा व्हायरस, जो पांढरी माशी एका झाडावरून दुसऱ्यावर नेते.

थ्रिप्सला निळे चिकट सापळे, नीम आणि शेंडे खुडणं. पांढऱ्या माशीला पिवळे सापळे, हे सापळे पाच-पंचवीस रुपयांचं काम आहे पण वाऱ्याच्या बाल्कनीत नीट बांधा, एका ताईंचा सापळा उडून वाळत घातलेल्या साडीला चिकटला होता. कोळ्याला पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम चालतं, भुरीला म्हणजे पानावर पांढरी पावडर आणणाऱ्या बुरशीलाही तेच, पण दोन अटी, कडक उन्हाळ्यात मारायचं नाही आणि तेलाच्या फवाऱ्याच्या आगेमागे दोन-तीन आठवडे मारायचं नाही, दोन्ही एकत्र आले की पानं होरपळतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये त्यामुळे गंधक नकोच म्हणा, पाण्याचा फवारा मारत राहा. व्हायरसवाली मिरची मात्र उपटून पिशवीत घालून टाकून द्या. जीवावर येतं, कळतंय, महिनाभर आपण तिला सांभाळलेलं असतं, पण ती तिथे उभी असेपर्यंत शेजारच्या टोमॅटोला आणि मिरच्यांना धोका आहे, आणि ती बरी होणार नाहीये.

कढीपत्त्याची तक्रार वेगळी, "एका रात्रीत पानं गायब." पानावर पक्ष्याच्या शीटेसारखं काहीतरी दिसलं होतं का? ती लाइम बटरफ्लाय किंवा कॉमन मॉर्मन फुलपाखराची अळी, लहानपणी शीटेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार, आणि डिवचलं की डोक्यामागून दोन शिंगं काढून उग्र वास सोडते. लिंबाच्या कुळातल्या झाडांवर यांचीच वस्ती. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन, २०१५ मध्ये तो मान मिळाला, त्याच्याही अळ्या लिंबाच्या कुळातलीच पानं खातात. रविवारी ओवळेकर वाडीत फुलपाखरं बघायला जायचं आणि घरी त्यांच्याच अळ्या चिरडायच्या, बघा बुवा तुमचं तुम्ही. झाड मोठं असेल तर दोन-चार अळ्या परवडतात, रोप लहान असेल तर अळ्या उचलून मोठ्या झाडावर सोडा. औषधाची गरज अजिबात नाही, आणि कढीपत्ता आपण रोज फोडणीत टाकतो हे लक्षात ठेवा. ताक घालून कढीपत्ता वाढतो असं अनेकजण सांगतात, पातळ करून कधीतरी घातलं तर घाला, पण त्याने कीड जाईल ही आशा नको.

पावसाळा

पावसाळ्यात आपल्याकडे झाडं किड्यापेक्षा पाण्याने जास्त मरतात. मुळांना हवा लागते, माती सतत ओलीकच्च राहिली की मुळं गुदमरतात आणि मग कुजवणारी बुरशी आत शिरते. गंमत अशी की मुळं कुजलेलं झाड वरून कोमेजलेलं दिसतं, आपल्याला वाटतं तहान लागली, आपण अजून पाणी घालतो, संपलं. म्हणून कोमेजलेल्या झाडाला पाणी द्यायच्या आधी बोट दोन पेरं मातीत घाला. आत ओल आहे आणि झाड तरी मान टाकतंय, तर पाणी बंद. तळाच्या भोकात जुना स्क्रू ड्रायव्हर घालून मोकळं करा, कुंडीखाली विटेचे तुकडे ठेवा, खालच्या प्लेटा पावसाळ्यात सरळ काढून टाका, त्यांत डासांची पैदास होते आणि डेंग्यूच्या तपासणीला पालिकेची माणसं येतात ती वेगळीच. आजारी झाडाला खत देऊ नका, ही माया नडते.

कुंडीतून काढून बघितलं आणि मुळं तपकिरी, बुळबुळीत, चिमटीत धरली की साल निघून येतेय, वास येतोय, तर कुजलेली सगळी कापा, वरच्या फांद्याही त्या प्रमाणात कमी करा, आणि मोकळ्या नवीन मातीत लावा. नर्सरीतून येणाऱ्या रोपांभोवती चिकट लाल मातीचा गड्डा असतो, तो पावसात चिखल आणि उन्हाळ्यात वीट होतो, लावताना बाहेरून हळूच मोकळा करावा. ट्रायकोडर्मा पावसाच्या आधी, मे अखेरीस, कंपोस्टमध्ये मिसळून द्या, ती चांगली बुरशी आहे, वाईट बुरशीला जागा देत नाही. पण मर लागून, म्हणजे झाड कोमेजून मरायला लागल्यावर तिच्याकडून चमत्कार मागू नका, आणि तिच्याबरोबर तांब्याचं बुरशीनाशक मातीत ओतू नका, तुम्हीच तिला मारून टाकाल.

गुलाबाच्या पानावर काळे ठिपके येऊन पानं पिवळी होऊन गळतात, तेही याच दिवसांत. या बुरशीच्या बीजाला रुजायला पान सलग सात-एक तास ओलं लागतं, म्हणजे पाऊस आपल्या हातात नाही पण संध्याकाळी पानांवर पाणी शिंपडणं आपल्या हातात आहे, ते बंद करा, पाणी सकाळी आणि बुंध्याशी. गळलेली पानं कुंडीतून रोज उचला, पुढचा रोग तिथूनच उडतो. फांद्यांची गर्दी असेल तर मधल्या एक-दोन काढा, वारा खेळला की पान लवकर वाळतं.

बुरशीला घरी करता येणारं जुनं औषध म्हणजे बोर्डो मिश्रण. त्याची कथा मजेशीर आहे, फ्रान्समध्ये बोर्डोकडचे शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट आणि चुना शिंपडायचे, हेतू इतकाच की येणाऱ्याजाणाऱ्यांनी द्राक्षं चोरू नयेत, आणि मिलार्डे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की नेमक्या त्याच वेलींना केवडा रोग लागत नाहीये. १८८५ मध्ये त्याने ते जाहीर केलं. १ लिटरसाठी मोरचूद १० ग्रॅम, कळीचा चुना १० ग्रॅम, दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यात निम्म्या निम्म्या पाण्यात विरघळवा, चुना गाळून घ्या, मग एकत्र करा, सुंदर आकाशी रंग येतो. लोखंडाचा चकचकीत खिळा मिनिटभर बुडवून बघा, त्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळा आहे, अजून चुना घाला, नाहीतर पानं जळतील. धातूच्या भांड्यात करू नका, त्याच दिवशी वापरा, हातमोजे घाला. ही खटपट नको असेल तर कॉपर ऑक्सिक्लोराइड आणा, लिटरला अडीच ग्रॅमच्या आसपास. कुठलंही घ्या, ते नवीन पानं वाचवतं, डाग पडलेलं पान परत हिरवं होत नाही.

ज्यांचं घर तळमजल्याला आहे, बेलापूर, वाशी, ऐरोलीच्या रो-हाऊसवाले, त्यांना गोगलगायी. मोठ्या शंखाच्या आफ्रिकन गोगलगायी रात्री बाहेर पडतात आणि सकाळपर्यंत झेंडू, पालक, पपईची रोपं साफ. मीठ मातीवर टाकू नका, गोगलगाय मरते पण मातीही नासते. संध्याकाळी ओलं गोणपाट अंथरून त्याखाली कोबीची पानं ठेवा, सकाळी सगळ्या तिथे गोळा झालेल्या सापडतील, हातमोजे घालून उचला आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. हातमोजे विसरू नका, यांच्या अंगात मेंदूपर्यंत जाणारा एक जंत असू शकतो, म्हणून त्या बागेतली पालेभाजी नीट धुवून, शिजवूनच खायची.

कात्री

छाटणीला लोक का घाबरतात कळत नाही, आणि जे घाबरत नाहीत ते पार बोडकं करतात. मागचं गणित साधं आहे. फांदीच्या शेंड्यातून ऑक्सिन नावाचं संप्रेरक खाली उतरतं आणि खालच्या डोळ्यांना, म्हणजे जिथून फांदी फुटते त्या कोंबांना, झोपवून ठेवतं, म्हणून झाड उंच वाढत जातं आणि खालून रिकामं राहतं. शेंडा काढला की खालचे दोन-तीन डोळे फुटतात, एकाच्या दोन-तीन फांद्या, आणि जी झाडं नवीन फुटव्यावर फुलतात, म्हणजे गुलाब, जास्वंद, मोगरा, बोगनवेल, त्यांना तितकी जास्त फुलं.

काप डोळ्याच्या अर्धा सेंटिमीटर वर, थोडा तिरका, आणि डोळा बाहेरच्या दिशेला बघणारा निवडा म्हणजे नवीन फांदी झाडाच्या पोटात शिरणार नाही. डोळ्याच्या वर लांब खुंट ठेवलात तर तो वाळतो आणि वाळण खाली उतरत जाते. गुलाबाची फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली येते ते याच वाटेने. तशी फांदी दिसली की काळ्या भागाच्या खाली दीड-दोन इंच, आतला गाभा पांढरट-हिरवा दिसेपर्यंत कापा, गाभ्यात तपकिरी ठिपका दिसला तर अजून खाली. प्रत्येक झाडानंतर कात्री स्पिरिटने पुसा. केसं कापायची, कागद कापायची कात्री फांदीला लावू नका, फांदी चिरडते, बरी दोन-तीनशेची सिकेटर म्हणजे छाटणीची कात्री घ्या.

गुलाबाची मोठी छाटणी पाऊस परतला की, ऑक्टोबरच्या मध्याला. त्यानंतर दीडेक महिन्यात बहर. कुंडीतल्या झाडाचा एक तृतीयांश ते अर्धा भाग, त्याहून जास्त नको, वाळक्या आणि काडीसारख्या बारीक फांद्या मात्र मुळापासून. अजून एक, गुलाबावर डोळा भरलेला असतो, म्हणजे जंगली गुलाबाच्या खुंटावर चांगल्या गुलाबाचा डोळा बसवलेला, बुंध्याशी ती गाठ दिसते, गाठीच्या खालून जोमाने वर आलेली सरळसोट फांदी बघून लोक खूश होतात, ती जंगली खुंटाची फांदी आहे, ठेवलीत तर वर्षाभरात तुमचा गुलाब जातो आणि ती राहते. कलमी लिंबाचंही तसंच, आणि लिंबाला एरवी फार कात्री लावायची नाही.

मोगरा संक्रांतीच्या सुमाराला छाटा. निम्म्यापर्यंत कापा, जुनी पानं काढा, आधी काही दिवस पाणी कमी करा, मग शेणखत आणि भरपूर पाणी, सहा-सात तास ऊन मिळालं तर उन्हाळ्यात ओंजळ भरते. ऊन दोन तासच येत असेल तर कितीही छाटा, पानंच येणार, हे स्पष्ट सांगितलेलं बरं.

तुळस. मंजिऱ्या येऊन बिया धरल्या की तिच्या दृष्टीने तिचं काम झालं, पानं बारीक होतात, खोड लाकडी होतं. म्हणून मंजिरी कोवळी असतानाच खालच्या दोन पानांसकट खुडायची. रविवारी, द्वादशीला तुळशीला हात लावत नाहीत ना तुमच्याकडे, मग बाकीचे वार आहेत की. पानं वाळल्यासारखी, आखडलेली, आणि मागे डांबराच्या ठिपक्यांसारखी काळी घाण असेल तर तो जाळीदार पंखांचा चिमुकला ढेकूण, पाण्याचा फवारा आणि खराब शेंडे कापणं, बस. खायच्या, पूजेच्या तुळशीवर विष नको.

बाटली घ्यायचीच असेल तर

लेबलवर एक चौकोन असतो, टोकावर उभा, त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग बघा. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सगळ्यात सौम्य. लाल आणि पिवळा बाल्कनीत आणूच नका, जिथे मुलं खेळतात, कपडे वाळतात, शेजारच्यांची खिडकी चार फुटांवर आहे. मोनोक्रोटोफॉसचं नाव अजूनही कुणीतरी ग्रुपवर टाकतं, भाजीपाल्यावर त्याच्या वापराला २००५ पासून बंदी आहे. सुटं, पुडीत बांधून दिलेलं, लेबल नसलेलं काही घेऊ नका. भाजीवर काही मारलं तर लेबलवर तोडणीआधी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं, तेवढे दिवस भेंडी झाडावर जून झाली तरी चालेल.

आणि कात्री हातात घेऊन जोरात असाल तर एवढं लक्षात घ्या, हे सगळं कुंडीतल्या झाडांपुरतं. कंपाऊंडमधल्या आंब्याची, गुलमोहराची, नाहीतर खिडकीत शिरलेल्या बदामाची फांदी परस्पर तोडायची नसते, १९७५ चा राज्याचा वृक्षसंरक्षण कायदा आहे, ठाणे असो की नवी मुंबई, पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. सोसायटीच्या सेक्रेटरींना अर्ज एप्रिलमध्येच द्यायला सांगा, जूनमध्ये फांदी गाडीवर पडल्यावर सगळ्यांचे अर्ज एकदम जातात.